अर्ध्यात थांबणारी सुकन्या

शिरड शहापूरच्या मसाजींकडं मेंढरांचा कळप आहे आणि एकच लेकरू आहे. ते लेकरू मुलगी आहे. एवढं ऐकलं की गावातल्या निम्म्या लोकांना पुढची सगळी गोष्ट कळते आणि ते "बिचारा मसाजी" असं म्हणून टपरीवर चहा प्यायला जातात. जाऊ द्या त्यांना. टपरीही चालली पाहिजे.

मुलीचं नाव सुकन्या. तिचे सांधे जन्मापासून सुटे. अंगठा मागं वाकवून ती मनगटाला टेकवायची. हात सरळ केला की कोपर उलट्या बाजूला झुकायचं, जसं कुणी घाईघाईत चुकीचं बसवलं असावं. शाळेत बाई वर्गात नसल्या की पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची आणि "बोटं मोडून दाखव" म्हणून मागं लागायची. घरी पाहुणे आले की तिची माय पंचफुलाबाई चहा टाकायच्या आधी लेकीला बोलवायची. कुणी पाहुण्याला नवा फ्रिज दाखवतं, कुणी जावयाची नोकरी सांगतं. ह्या घरात दाखवायला अंगठे होते. "माझं लेकरू रबराचं हाय," असं पंचफुलाबाई म्हणायची, आणि पाहुणेही तोंडात बोट घालून कौतुक करायचे.

हेच लेकरू सपाट रस्त्यावर चालताना घोटा मुरगाळून बसायचं. लिहायला बसलं की पान भरायच्या आत बोटं दुखायची. कोकरू कडेवर घेतलं की खांद्यात कट्‌ असा आवाज यायचा. पण त्याचं कुणाला काय? आपल्याकडं आजार म्हणजे आखडणं. कंबर धरली, मान धरली, गुडघा धरला, हे आजार. त्यांना तेल आहे, शेक आहे, अंगारा आहे. पण ज्याचं काहीच धरत नाही, त्याला काय झालं म्हणायचं? त्याला नशीबवान म्हणायचं, आणि पुन्हा एकदा अंगठा वाकवायला सांगायचं.

पुढं गावात योग आला. म्हणजे विश्वंभर सरांनी आणला. सर इतिहास शिकवायचे. नांदेडला एक शिबिर करून आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर सकाळचा वर्ग सुरू झाला. सरांचं पोट त्यांच्या आणि पायाच्या अंगठ्यांच्या मधे येत असल्यामुळं सर बहुतेक आसनं तोंडानं करायचे. बाकीची मंडळी सतरंजीवर बसून गुडघे धरायची आणि ह्या साली सोयाबीनचं काय होतं ते बोलायची. अशा वर्गात एक दिवस सुकन्या आली, मागं वाकली, हात जमिनीला टेकले, आणखी वाकली, आणि आपल्याच घोट्यांना धरून सरांकडं उलट्या डोक्यानं बघून हसली. सरांना शिबिराचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून ती वर्गाची शान झाली. रथसप्तमीला शाळेत सामुदायिक सूर्यनमस्कार असतात. त्या साली सूर्य बाजूला राहिला आणि सुकन्याच स्टेजवर चढली. पाय मानेमागं, हात पाठीमागं, कंबर भलतीकडंच. लोकांचे मोबाईल वर. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी माईक घेऊन सांगितलं की आपल्या मातीतल्या लेकीच्या अंगात केवढी शक्ती आहे ते बघा. टाळ्या झाल्या. ज्या लेकीच्या अंगात एवढी शक्ती होती, तिला त्या दिवशी संध्याकाळी पाण्याचा हंडा उतरवताना मायला हाक मारावी लागली. पण ते काही कुणी मोबाईलमधे घेतलं नाही. सरांनी फ्लेक्स केला. त्यावर सुकन्याची कमान, आणि कमानीच्या खाली सरांचा हात जोडलेला फोटो.

रथसप्तमीनंतर थोड्या दिवसांनी मेंढरं धुवायची वेळ आली. ज्यांनी कधी मेंढरं पाळली नाहीत त्यांना वाटतं की लोकर अशीच कातरतात. तसं नसतं. भादरायच्या आधी मेंढरू धुवावं लागतं, नाहीतर लोकरीतल्या माती-काट्यांनी कातरीची धार जाते. शिवारातल्या कॅनॉलला पाणी सुटलं की धनगर कळप काठावर आणतात. एक माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो. वरून मेंढरू लोटलं की त्याला झेलायचं, लोकर खसाखसा चोळायची, आणि मग एक हात गळ्याखाली, दुसरा मांडीखाली घालून काठावर चढवायचं. कोरडं मेंढरू एक वेळ लाडानं उचलता येतं. ओलं मेंढरू म्हणजे पाणी पिऊन फुगलेली गोधडी, आणि त्या गोधडीला चार पाय, शिंगं आणि स्वतःचं मत असतं.

हे काम मसाजींनी आयुष्यभर केलं. कधी मधे थांबले नाहीत. सकाळी पाण्यात उतरायचे ते शेवटचं मेंढरू निघाल्यावरच बाहेर यायचे, आणि गाव त्यांना वाघ म्हणायचं. वाघाची कंबर त्या साली गेली. मग पाण्यात कोण उतरणार? सुकन्या उतरली. स्टेजवर शक्ती दाखवणारी लेक, तिला काय जड आहे, असं काठावरच्यांचं मत पडलं.

अर्धा कळप निघाला. हात भरून आला होता, पण बाप कधी थांबला नव्हता, म्हणून तीही थांबली नाही. मग एका गाभण मेंढीनं पाण्यात हिसका दिला. दुसऱ्या कुणाचा हात जिथं अडला असता, तिथं सुकन्याचा अडलाच नाही. तो गेला, गेला, आणि खांद्यातून निसटला. मेंढी सुटली, पाण्याबरोबर वाहत पुलाच्या नळीत जाऊन अडकली. काढली तेव्हा मेलेली होती.

आता सुरू झाला उपचार. मायनं तेल लावून हात ओढला. औंढ्याच्या बाजारात बसणाऱ्या हाडवैद्यानं तिच्या काखेत पाय देऊन हात ओढला आणि "मोकळा केला" म्हणून सांगितलं. विश्वंभर सरांनी सल्ला दिला की अजून ताण द्या, ताणानंच मोकळं होतं. शेजारणीनं दाराच्या चौकटीला लोंबकळायला सांगितलं. एका सुट्या हाताला सगळं गाव मिळून मोकळं करत होतं. सुकन्या दर वेळी रडायची आणि दर वेळी खांदा आणखी सहज निसटायचा. शेवटी वेणी घालताना निसटला.

ह्या सगळ्यात एक माणूस फार कळवळला. रामकिशन, मसाजींचा पुतण्या. त्यानं आपल्या वाटणीची मेंढरं कधीच विकून मोटारसायकल घेतली होती आणि ती टपरीसमोर उभी करून तो दिवसभर तिच्यावर बसून असायचा, जणू तीच चरायला नेली आहे. तो काकाकडं आला आणि म्हणाला की बाईमाणसाच्या हाती कळप टिकत नसतो. मला द्या, मी सांभाळतो, तुम्हाला दोघांना दूध कमी पडू देणार नाही. सुकन्याचं लगीन करून टाका. भावकीतली चार माणसं माना हलवत बसली होती. मसाजी स्वभावानं वाईट माणूस नव्हे. पण चार माणसांच्या माना एकाच दिशेनं हलत असल्या की चांगल्या माणसाचीही हलते.

"पुढल्या धुण्यापत्तुर बघू," असं मसाजी म्हणाले. "सुकीनं मेंढरं पाण्याभाईर काढली तर कळप तिचा. न्हाई तर रामकिशनचा. मंग मला कुनी काई म्हनू नका."

सुकन्या आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं. लगीन, गाव, नाव, ह्यातल्या कशाचं तिला एवढं वाटलं नव्हतं. मेंढरं तिची होती. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तिला आवाजावरून कळायचं. कुठली खोडी काढणारी, कुठली उन्हाला पटकन बसणारी, हे मसाजीसुद्धा तिला विचारायचे. तीच मेंढरं आता मोटारसायकलवरून सांभाळली जाणार होती.

ती मायला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात गेली. तिथं व्यायामाच्या डॉक्टर होत्या, ऐश्वर्या मॅडम. मॅडमनी अंगठा बघितला, करंगळी बघितली, कोपर बघितलं, गुडघा बघितला. सुकन्याला वाटलं, चला, इथंही आपलं कौतुक आहे. तिनं न सांगता पाय उचलून मानेमागं घ्यायला सुरुवात केली. मॅडमनी तिचा पाय मधेच धरला.

"बास. हे आता कुणालाच दाखवायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांचा सांधा एका ठिकाणी अडतो. अंगच सांगतं, बास झालं. तुझं अंग सांगत नाही, सुकन्या. तुझ्या दाराला अडसरच नाही. तो तू स्वतः घालायचा."

"म्हंजी योगा बंद?"

"योग बंद नाही. वाकणं बंद. धरणं सुरू."

सुकन्याला राग आला. एवढ्या लांब एसटीनं येऊन जे एक चांगलं जमत होतं तेच बंद करायला सांगावं, ह्याला काय दवाखाना म्हणायचं? पंचफुलाबाईला तर फारच वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या अंगठ्यांचा मान मिळवला, ते आजारी निघाले. पण मॅडमनी सुकन्याला भिंतीला हात लावून उभं केलं, कोपर जरासं वाकवलेलं ठेवायला लावलं, आणि तसंच हळूहळू भिंतीकडं जाऊन परत यायला सांगितलं. चक्रासन हसत करणारी सुकन्या भिंतीपाशी थरथरायला लागली. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की वाकणं आणि ताकद ह्यांची आपसात ओळखसुद्धा नाही.

घरी आल्यावर रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तिचा योग सुरू झाला. गुडघे टेकून अंग फळीसारखं आडवं धरून राहायचं. खुर्चीत बसल्यासारखं अर्धंच बसायचं आणि तिथंच थांबायचं. पाठीवर झोपून कंबर थोडीच उचलायची. सगळं थोडंच, सगळं अर्धं. पहिल्या दिवशी चुलीवर दूध उतू जाईपर्यंत तिला फळी धरता आली नाही. ज्या पोरीच्या कमानीखाली सरांचा फोटो मावला, ती पोटावर पडून धापा टाकत होती.

माय बघून हैराण. "हे काय योगा हाय? भितीला हात लावून उभी राहून राहिली. भित पडून राहिली का मायच्याने?"

पण ह्या योगात मायशिवाय भागत नव्हतं. सुकन्याला कोपर कधी उलटं गेलं ते आतून कळायचंच नाही. तिला वाटायचं सरळ आहे, आणि ते केव्हाच पलीकडं झुकलेलं असायचं. मग पंचफुलाबाईला पहाऱ्यावर बसवलं. माय भाकरी थापता थापता बघायची आणि कोपर जायला लागलं की ओरडायची, "बास!" ओरडणं मायच्या अंगचंच होतं. शेजाऱ्यांना वाटायचं की ह्या घरात रोज सकाळी भांडण लागतं. एक दोघी मधे पडायलाही आल्या. ज्या बाईनं आयुष्यभर लेकीला "अजून वाकव" म्हणून सांगितलं, ती आता "बास" म्हणून गल्ली उठवत होती. मायचा हट्ट असा की एकदा धरला की वाकत नाही. तो लेकीच्या सांध्यांत उतरला असता तर एवढं सगळं करावंच लागलं नसतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस मायनं बास म्हणायच्या आत कोपर थांबलं. मायनं पीठ भरल्या हातानं नुसतं बघितलं आणि भाकरी करपू दिली. त्या दिवसापासून वेणी घालताना खांदा निसटला नाही. कोकरू उचललं तरी कट्‌ वाजलं नाही.

तोवर पुन्हा रथसप्तमी आली आणि विश्वंभर सर घरी आले. ह्या वेळचे पाहुणे आणखी मोठे होते. सुकन्यानं स्पष्ट सांगितलं की सर, येते, पण मागच्यासारखं करणार नाही, आता जे करते ते करीन. सरांनी मान डोलावली. सर असं काही ऐकत नसतात, ते फक्त होकार ऐकतात.

स्टेजवर सुकन्यानं फळी धरली. कोपरं किंचित वाकलेली, खांदे जागच्या जागी, पाठ सपाट. धरली आणि धरून राहिली. तिच्या हिशेबानं हा डोंगर होता. खालून बघणाऱ्याला मात्र एक पोरगी सतरंजीवर काहीतरी शोधत असल्यासारखी दिसत होती. मोबाईल वर आले आणि खाली गेले. पाहुण्यांनी शेजारच्याला विचारलं की सुरू कधी होणार आहे. सरांनी माईक ओढला. माईकवरून "वाका, अजून वाका, चक्रासन घ्या" असं सुरू झालं. सुकन्यानं चक्रासन घेतलं नाही. अर्धं बसून दाखवलं आणि तिथंच थांबली. मागच्या रांगेतून कुणीतरी खुर्ची द्या तिला असं म्हणालं आणि लोक पोट धरून हसले.

सरांनी माईकवर जाहीर केलं की आज मुलीची तब्येत बरी नाही.

सुकन्या उठून उभी राहिली. तिला माईक लागला नाही. "सर, तब्येत आता बरी हाय. मागल्या साली न्हवती."

त्यावर टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. पाहुणे चहाला गेले. सर नाक कापलं म्हणून महिनाभर बोलले नाहीत, आणि टपरीवर रामकिशननं सांगितलं की हिला आता खुर्चीसुद्धा पुरत नाही, मेंढरं काय काढते. दोरी आणून ठेवतो, म्हणाला, वाहून जाणारी मेंढरं धरायला कुणीतरी शहाणं माणूस काठावर पाहिजे.

कॅनॉलला पाणी सुटलं. मसाजी काठावर उकिडवे बसले, कंबरेला हात देऊन. भावकी आली. रामकिशन दोरी विसरला होता, पण मोटारसायकल आणली होती.

सुकन्या पाण्यात उतरली. पाणी गार होतं. पहिलं मेंढरू आलं, तिनं झेललं. हात पूर्ण लांब करायचाच नाही, कोपर वाकवून मेंढरू आपल्या छातीशी आणायचं, पाय रोवायचे, आणि पायांच्या जोरावर उचलायचं, हात नुसता धरायला. एक निघालं. दुसरं निघालं. एक तरणा मेंढा आला तो थेट डोकं घालूनच आला. त्यानं हिसका दिला, सुकन्याचा हात जायला लागला, आणि मधेच थांबला. बाहेरून कुणाला काही दिसलं नाही. मेंढा मात्र थबकला, कारण त्याला सवय होती की माणूस सुटतं. तिनं त्याला चोळला, उचलला, काठावर लोटला. तो अंग झाडून मसाजींच्या धोतरावर सगळं पाणी उडवून निघून गेला. पंचफुलाबाई काठावर तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्या ओठांवर बास आला होता, पण तिनं तो गिळला.

उन्हं चढली. निम्मा कळप पांढरा होऊन शेतात उभा होता, निम्मा अजून मळकाच काठावर. सुकन्याच्या खांद्यात आता एक बारीक थकवा सुरू झाला. खांदा दुखत नव्हता. नुसता सांगत होता. पूर्वी तो कधी काही सांगत नसे. तिनं हातातलं मेंढरू वर चढवलं, आणि त्याच्या मागोमाग स्वतःही बाहेर आली.

रामकिशन मोटारसायकलवरून उतरला. बऱ्याच दिवसांनी उतरला असावा. "काहून? झालं का? अर्धी राह्यली की."

"उद्या धुते, दादा. आज हात भरला."

रामकिशन भावकीकडं वळून हसला. मग काकांना म्हणाला, की बघा, सगळ्यांदेखत ठरलं होतं. वाघाच्या पोटी जन्मून दुपारलाच थकली. तुम्ही कधी मधून बाहेर आलात का पाण्यातून? आता उगं लेकीचं तोंड बघू नका.

चार माना पुन्हा हलायला लागल्या. सुकन्या ओल्या कपड्यांत उभी होती. पुन्हा पाण्यात उतरली असती तर आणखी दहा-बारा निघाली असती, आणि मग एखादं वाहून गेलं असतं, आणि सगळ्यांनी तिला शाबासकी देऊन कळप रामकिशनला दिला असता. हे तिला माहीत होतं. ती फक्त बापाकडं बघत राहिली. कळप जाणार की राहणार, ते आता त्या उकिडव्या म्हाताऱ्याच्या तोंडात होतं.

मसाजींनी उठायचा प्रयत्न केला. कंबर उठू देईना. शेवटी काठीवर जोर देऊन अर्धे उठले आणि तसेच वाकून राहिले. सगळ्यांनी ते बघितलं. कधीच मधून बाहेर न आलेल्या माणसाची ही अशी कंबर होती.

"म्या कधी थांबलो न्हाई," मसाजी म्हणाले. "व्हय. मंग बघा माझ्याकडं." श्वास घेतला. "मागल्या साली ही बी थांबली न्हाई, एक गाभण मेंढी गेली. आज किती गेल्या, रामकिशन?"

रामकिशननं कॅनॉलकडं बघितलं. एकही गेली नव्हती. तो म्हणाला की पण अर्धी राहिली आहेत.

"राहू दे. मेंढरं काई तुझी गाडी न्हाई, पेट्रोल सरलं की बंद पडायला. कॅनॉलला उद्या पानी हाय. कळप सुकीचा." मग सुकन्याकडं वळून, जणू रोजचंच काही विचारावं तसं म्हणाले, "उद्या कवा उतरतीस?"

"सकाळीच, आबा. उन्हं यायच्या आधी."

"बराबर."

भावकी उठली, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. जाता जाता एकानं दुसऱ्याला सांगितलं की मसाजींनी कळप अशा पोरीला दिला जिला एका दिवसात काम उरकत नाही. हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं आणि सगळ्यांना पटलंही.

तेव्हाच सुकन्या कळप घेऊन परत आली. टपरीसमोर रस्ता अरुंद आहे. निम्मी पांढरी, निम्मी मळकी मेंढरं रामकिशनच्या मोटारसायकलपाशी येऊन थांबली, तिला हुंगलं, आणि तिथंच उभी राहिली. मागून सुकन्यानं हाक दिली नाही, काठी उगारली नाही. ती नुसती थांबली. रामकिशनला चहा अर्धा ठेवून उठावं लागलं आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.